वादळानंतरची बाग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वादळात चार वर्षांचं झाड कललं असून एका बाजूची मुळं उघडी पडली आहेत. ते उभं करता येईल का?

उत्तर : बुंध्याचा व्यास 10 सेंटीमीटरपर्यंत असेल आणि निम्मी तरी मुळं जमिनीत शाबूत असतील, तर जरूर करा. उघडी मुळं ऊन-वाऱ्यात काही तासांत सुकतात. म्हणून दोर शोधण्याआधी त्यांच्यावर ओलं गोणपाट टाका आणि काम होईपर्यंत ते ओलं ठेवा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते झाड घाईने ओढल्यामुळे. झाड कललं की उपटलेल्या मुळांखाली पोकळी होते आणि तिच्यात माती ढासळते. ती तशीच ठेवून झाड ओढलं, तर मुळं त्या मातीवर दुमडतात किंवा मोडतात. झाड सरळ दिसतं, पण पुढच्या वाऱ्याला पुन्हा त्याच बाजूला जातं. म्हणून आधी ती माती हाताने, खुरप्याने काढा. फाटलेल्या मुळांची टोकं धारदार कात्रीने साफ कापा. मग बुंध्याला जाड पट्टा गुंडाळून दोघांनी सावकाश ओढा. मुळं पूर्वीच्याच खोलीवर बसली पाहिजेत. बुंध्याला मातीचा ढीग लावलात तर साल कुजते. माती थोडी थोडी भरून पाण्यानेच बसवा, पायाने तुडवू नका.

आधारासाठी मुळांच्या घेराबाहेर सारख्या अंतरावर तीन खुंट ठोका आणि साधारण निम्म्या उंचीवरून दोर ताणा. दोर किंवा तार सालीवर थेट नको, काचते. मध्ये सायकलची जुनी ट्यूब घाला. झाड किंचित हलायला हवं, त्यानेच बुंधा आणि मुळं बळकट होतात. दोन महिन्यांनी बांधणी सैल करा, वर्षभराने काढून टाका. मोडक्या फांद्या तेवढ्या छाटा. नवी मुळं फुटायला लागणारं अन्न पानंच बनवतात, तेव्हा झाड बोडकं करू नका.

मोठ्या झाडाला मात्र स्वतः हात लावू नका. आडवं पडलेलं खोड कापलं की वजन उतरतं आणि मुळांचा गड्डा खड्ड्यात झटक्यात परत बसू शकतो. त्या खड्ड्यात कोणी, विशेषतः मुलं, उतरलेली असता कामा नयेत.

प्रश्न : फांदी मोडून अर्धवट लोंबतेय आणि साल खाली बुंध्यापर्यंत सोलली आहे. जखमेला डांबर लावावं का?

उत्तर : नको. डांबर किंवा ऑइलपेंटखाली ओल अडकते आणि लाकूड कुजायला मदत होते. झाड जखमेच्या कडेने नवी साल वाढवून ती स्वतःच झाकतं. लोंबणारी फांदी तीन कापांत उतरवा. पहिला काप बुंध्यापासून 30 सेंटीमीटरवर, खालून, जाडीच्या एक तृतीयांश. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून. फांदी साल न ओढता सुटते. तिसऱ्याने उरलेलं ठुटूक काढा, पण फांदीच्या बुडाशी जो फुगीर कंगोरा असतो तो राखून. जखम भरते ती त्याच्यातूनच.

सोललेली साल आतून अजून ओलसर असेल तर ती त्याच दिवशी जागच्या जागी दाबून बसवा, वर ओलं शेवाळ ठेवून प्लॅस्टिकने घट्ट बांधा आणि सावली करा. कोरडी पडली असेल तर सैल भाग धारदार चाकूने चिकटलेल्या कडेपर्यंत कापून टाका.

प्रश्न : वाफ्यात चार दिवस पाणी साचलं. माती ओली असूनही रोपं मलूल, पिवळी पडली आहेत. खत द्यावं का?

उत्तर : आत्ता नाही. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, त्यामुळे ती पाणी ओढू शकत नाहीत. खताचंही तेच होईल. कडेला 30 सेंटीमीटर खोल चर काढून पाणी वाहतं करा. वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होईपर्यंत, वाफ्यात पाय ठेवू नका, माती दबून आणखी घुसमट होते. मूठभर मातीचा गोळा करून बोटाने दाबा. चिकट राहिली तर थांबा, भुगा झाला तर वाफसा आला. मग वरची पापडी हलक्या हाताने 3 सेंटीमीटरपर्यंतच खुरपा आणि बुंध्यांभोवती बसलेला गाळ काढा. नवी पानं फुटूनही फिकी राहिली, तर लिटरला 5 ग्रॅम युरिया मिसळून उन्हं उतरल्यावर फवारा.

प्रश्न : झाड मेलं की जिवंत, हे कसं ओळखायचं?

उत्तर : फांदीच्या शेंड्याकडून सुरुवात करून अंगठ्याच्या नखाने साल जराशी खरवडा. आत तपकिरी, कोरडं दिसलं तर खाली सरकत जा. हिरवं, ओलसर लागेल तिथपासून खाली झाड जिवंत आहे. त्या जिवंत भागातल्या सगळ्यात वरच्या डोळ्याच्या (फुटव्याच्या कळीच्या) जरा वर छाटा. बुडापर्यंत हिरवं सापडलं नाही, तरी नव्या पालवीचा एक हंगाम जाऊ द्या. बुडातून फूट येऊ शकते. कलमी झाड असेल तर ती फूट जोडाच्या वरून आली आहे ना, एवढं नीट पाहा.