समुद्राकाठचे डोंगर, ओला बर्फ आणि हिमस्खलन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त व्हँकुव्हरला असतो आणि हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर डोंगरांत जातो. समुद्र जवळ असल्याने तिथे थंडी बेताचीच असते, असे तो सांगतो. मग हिमस्खलनाचा धोकाही कमीच समजावा का? (एक आई, जळगाव)

उत्तर : ताई, तसे समजू नये. प्रशांत महासागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे कोस्ट आणि कॅस्केड या पर्वतरांगांवर अडतात आणि तिथे प्रचंड हिमवृष्टी होते. वॉशिंग्टन राज्यातील माउंट बेकर येथे १९९८-९९ च्या हंगामात सुमारे २९ मीटर बर्फ पडल्याची नोंद आहे. तापमान शून्य अंशाच्या आसपास घुटमळत असल्याने हा बर्फ जड असतो. वादळ गारठ्यात सुरू झाले आणि पुढे हवा उबदार होत गेली, तर खाली हलका व वर जड अशी उलटी रचना तयार होते. त्यावर पाऊस पडला की भार काही तासांत वाढतो आणि उतारावरचा सबंध थर अखंड लादीच्या रूपात तुटून खाली येतो.

मात्र याच उबेमुळे बर्फाचे कण एकमेकांना लवकर धरतात आणि नवा बर्फ बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत स्थिरावतो. रॉकी पर्वतातील कोरड्या, कडाक्याच्या थंडीत एखादा कमकुवत थर आठवडेच्या आठवडे तसाच दबून राहतो. किनारी डोंगरांत हे कमी घडते, पण निरभ्र रात्रींत पृष्ठभागावर जमलेले हिमस्फटिक नव्या बर्फाखाली गाडले गेले, तर तिथेही घडते. म्हणून वादळात आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर, तसेच अशा उतारांच्या पायथ्याशी जाऊ नये, एवढे मुलाला आवर्जून सांगावे. चालताना पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला किंवा पावलांपासून तडे पळत गेलेले दिसले, तर त्याच क्षणी सौम्य उताराकडे मागे फिरावे. बर्फाने दिलेली याहून स्पष्ट सूचना नसते.

प्रश्न : व्हँकुव्हरकडच्या हिमस्खलन-अंदाजाच्या पत्रकात धोक्याची पातळी पाचपैकी तीन असेल, तर तो मध्यम धोका धरून जाता येईल का? (विद्यार्थी, धुळे)

उत्तर : नाही. अ‍ॅव्हलांच कॅनडा किंवा सिअ‍ॅटलचे नॉर्थवेस्ट अ‍ॅव्हलांच सेंटर या हिमस्खलनाचा अंदाज देणाऱ्या संस्थांच्या पत्रकात तिसऱ्या पातळीचा अर्थ असा, की हिमस्खलन आपोआप होण्याची शक्यता आहे आणि माणसाच्या वजनाने होण्याचा संभव बराच आहे. जीव गेलेल्या बहुसंख्य घटनांत थर तोडणारी व्यक्ती स्वतः बळी पडलेली किंवा तिच्याच गटातील असते, हे लक्षात घेतले की या पातळीचे गांभीर्य कळते. चौथ्या पातळीला लोक घरी थांबतात. तिसरीला निघतात, आणि म्हणूनच तिच्यात अनेक मृत्यू होतात. पत्रकातील आकडा पाहून न थांबता उंची आणि दिशा यांनुसार दिलेला तपशीलही वाचावा.

प्रश्न : रेल्वेलाही याचा फटका बसतो का? (निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

उत्तर : बसला आहे. कॅस्केड रांगेतील वेलिंग्टन येथे हिमवृष्टीमुळे दोन गाड्या अनेक दिवस अडकून पडल्या होत्या. १ मार्च १९१० उजाडण्यापूर्वीच्या रात्री हवा उबदार होऊन पाऊस आणि विजांचा कडकडाट सुरू झाला, वरचा उतार सुटला आणि दोन्ही गाड्या दरीत फेकल्या गेल्या. ९६ जण दगावले. त्या उतारावरचे जंगल आधीच्या वणव्यांत जळून गेले होते. पुढे १९२९ मध्ये सुमारे साडेबारा किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आणि मार्ग त्या उताराखालून हलला.

प्रश्न : आम्ही दरवर्षी अस्तंभा चढतो. त्या सरावावर मनालीकडे हिवाळी ट्रेक करावा का? (तरुण मंडळ, नंदुरबार)

उत्तर : अस्तंभ्याच्या चढणीने दम वाढतो, परंतु सकाळी सुरक्षित असलेला बर्फाचा उतार दुपारी तसाच राहत नाही, ही जाण त्यातून येत नाही. पीर पंजाल रांगेत हवा तुलनेने उबदार आणि हिमवृष्टी भरपूर असते, त्यामुळे किनारी डोंगरांप्रमाणेच वादळाचा काळ तिथे सर्वांत धोक्याचा ठरतो. तरीही हिवाळा टाळला म्हणजे धोका टळला असे नाही. उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा या शिखरावरील हिमस्खलनाची दुर्घटना ४ ऑक्टोबर २०२२ ची आहे.

गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर वाचण्याची शक्यता मोठी असते आणि अर्ध्या तासापर्यंत ती झपाट्याने घसरते, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या मदतीपेक्षा सोबत्यांच्याच हातात सारे असते. संदेश पाठवणारे व पकडणारे शोधयंत्र, चाचपणीची लांब कांडी आणि फावडे प्रत्येकाकडे असणार का, निघण्यापूर्वी त्यांचा सराव होणार का, आणि हवामान बिघडल्यास बेत रद्द होऊन पैसे परत मिळणार का, हे आयोजकांना पैसे भरण्याआधी विचारावे. यांपैकी पहिल्या दोहोंचे उत्तर नकारार्थी आले, तर त्या गटाबरोबर जाऊ नये.