फुकटची शाळा म्हणतात, काय उत्तर देऊ?

प्रश्न : माझी मुलगी झेडपीच्या शाळेत दुसरीला आहे. वाचते छान, शाळेत जायला कधी रडत नाही. पण पाहुणे आले की हमखास विचारतात, "फुकटच्या शाळेत का घातलंय गं, ऐपत नाही का?" मला तेव्हा काही सुचतच नाही. आणि या शाळा मुळात आल्या कुठून, सरकारने आपणहून काढल्या का? – एक आई

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे ती शाळा फुकटची नाहीच. तुम्ही साबणाची वडी घेता तेव्हाही कर भरता, त्याच पैशातून ती चालते. हे जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीच इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगाला, म्हणजे हंटर आयोगाला, ठणकावून सांगितलं होतं, की महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, तर आधी सगळ्यांना प्राथमिक शिक्षण द्या आणि तेही सक्तीचं. हे बोलायचा त्यांना पुरेपूर हक्क होता, कारण १८४८ ला पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली तेव्हा ते जेमतेम एकवीस वर्षांचे आणि सावित्रीबाई सतराच्या, आणि सावित्रीबाई शाळेत जाताना जास्तीचं लुगडं सोबत न्यायच्या, कारण वाटेत लोक अंगावर शेण-चिखल टाकायचे.

तर आपणहून कुणी दिलं नाही हो. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ ला सक्तीच्या शिक्षणाचं बिल इंग्रजांच्या कायदे कौन्सिलमध्ये मांडलं, ते तिथे पडलं. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ ला आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ ला मोफत आणि सक्तीचं करून दाखवलं. कोल्हापुरात तर मूल शाळेत नाही घातलं तर आईबापालाच दंड! देशभर हा कायद्याने हक्क व्हायला २०१० उजाडलं.

मला सगळ्यात जास्त हलवून जातात त्या लक्ष्मीबाई पाटील, कर्मवीर भाऊरावांच्या पत्नी. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकदा त्यांच्या जेवणाला पैसेच उरले नाहीत तेव्हा या बाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र मोडलं. त्या काळात बाईने हे करणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. भाऊरावांनी काढलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळा संस्थेच्या आहेत, झेडपीच्या नव्हेत, पण खेड्यातल्या गरिबाच्या पोराने शिकावं ही ओढ तीच.

मी स्वतः अशाच शाळेत शिकलोय, आमच्या बाई एकाच फळ्याचे खडूने दोन भाग करायच्या, डावीकडे दुसरीची वजाबाकी, उजवीकडे तिसरीचं शुद्धलेखन, आणि आम्ही दुसरीतले चोरून उजवीकडचं पण वाचायचो, मला वाचनाची गोडी तिथेच लागली.

आता सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. कुठे शिक्षक कमी, कुठे संडासला पाणी नाही, पण त्यावर बोलायची जागा कायद्याने तुम्हालाच दिलीय. शाळा व्यवस्थापन समितीत किमान पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. आलेलं अनुदान कशावर खर्च झालं हे तिथे विचारता येतं, शाळेचा विकास आराखडाही तीच समिती करते. बऱ्याच ठिकाणी पालक नुसत्या सह्या करून येतात, तसं करू नका. पाहुण्यांना वाटलं तर सांगा, "शाळा आमचीच आहे, म्हणून घातलंय." आणि पुढची मीटिंग कधी आहे ते उद्या सोडायला जाल तेव्हा बाईंना विचारून घ्या.