मशीनवाला फ्लॅट घेऊ का?

प्रश्न: ताई, जुळे सोलापुरात वनबीएचके बघतोय, बजेट कमी, पण वॉशिंग मशीन घरातच आहे म्हणून मालक महिना हजार जास्त मागतायत. घेऊ का?

उत्तर: अरे मशीन राहू दे, आधी पाणी विचार. आपल्याकडं उजनीचं पाणी रोज कुठं येतंय, त्यामुळं टाकी केवढी, बोअर आहे का ते बघ, बोअरचं पाणी जड असलं तर मशीनमध्ये क्षार साचतो ते वेगळंच. वर्षाला बारा हजार जातील, त्यात जुनी सेमी-ऑटोमॅटिक येईल की, बादलीनं पाणी ओतलं तरी चालते. ड्रायरचं तर नावच नको, सोलापूरचं ऊन फुकट आहे! तरी हाच फ्लॅट आवडला तर मशीन बिघडल्यावर खर्च कुणाचा ते अकरा महिन्यांच्या करारात लिहून घे.