रिपोर्ट नॉर्मल, मग ही धडधड कसली?

प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी एकेक कागद काढून टेबलावर मांडला. तीन ईसीजी, टूडी इको, ट्रेडमिल टेस्ट, थायरॉईड, साखर. "सगळं नॉर्मल हाय म्हणत्यात मॅडम. मग मला व्हतंय ते खोटं हाय का?"

कोपरखैरण्यात समुपदेशक म्हणून बसते मी. हा प्रश्न माझ्याकडे आठवड्यातून दोनदा तरी येतो, विचारणारे तेवढे बदलतात. कधी ऐरोलीच्या आयटी कंपनीतली मुलगी, कधी नुकतेच निवृत्त झालेले काका. त्या दिवशी समोर होते ते तुर्भ्याच्या मार्केटमधले माथाडी कामगार. वय बेचाळीस, गाव पाटणकडचं. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदललेत आणि लिहायची परवानगी त्यांनी दिली आहे. मी त्यांना भाऊ म्हणायचे.

त्याआधी चार महिन्यांपूर्वी टोळीतला एक जण गाळ्यातच कोसळला. त्याला उचलून टेम्पोत घालणाऱ्यांत भाऊ होते. तो वाचला नाही. त्यानंतर पंधरा दिवसांनी पहाटे कांद्याची गोणी पाठीवर घेताना भाऊंची छाती धडधडायला लागली, हाताला मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. आता आपली पाळी, एवढंच डोक्यात. हॉस्पिटलात सांगितलं, काही नाही, टेन्शन घेऊ नका. मग तेच पुन्हा झालं, आणि पुन्हा. हळूहळू गोणी सुटली, मग स्टेशनचा जिनासुद्धा नकोसा झाला. वहिनी सोबत आल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊबंद म्हणत्यात, कामाचा कंटाळा आलाय."

'टेन्शन घेऊ नका' हे वाक्य मला मनापासून आवडत नाही. आजाराला ते नाव देत नाही (नाव आहे पॅनिक अटॅक, अचानक येणारा भीतीचा झटका), रस्ताही दाखवत नाही. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, आपल्याला खोटं ठरवलं.

मी भाऊंना त्यांच्या कामाबद्दल विचारलं. पन्नास किलोची गोणी आणि पंचेचाळीसची, न तोलता कळते? ते पहिल्यांदा हसले. "पाठीला लागली की कळतं."

ते कळतं कारण स्नायूंत आणि स्नायुबंधांत ताण मोजणारी चेतातंतूंची टोकं असतात. ती मज्जारज्जूमार्गे मेंदूला सतत खबर देत असतात. जाड आवरणाच्या तंतूंतून ही खबर सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगाने धावते. पण मेंदू नुसती खबरेची वाट बघत बसत नाही. तो आधीच अंदाज बांधतो आणि त्या बेताने जोर लावायला सांगतो.

"भरलेली समजून अर्धी गोणी उचलली तर काय होतं?"

"झोक जातो मॅडम. माणूस मागं पडतो."

"गोणीत काही खोट असते?"

"न्हाई. अंदाज चुकला."

"तुमच्या छातीत तेच चाललंय. जोर खरा लागतोय, गोणी मात्र हलकी आहे."

ते बराच वेळ गप्प बसले. मीही घाई केली नाही.

आपल्या इच्छेविना चालणारी कामं, म्हणजे हृदय, श्वास, घाम, पचन, ही स्वायत्त चेतासंस्था बघते. धोका दिसला की तिची एक शाखा अंगाला सज्ज करते. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी अॅड्रेनालिन सोडतात, ठोके वाढतात, स्नायूंकडे रक्त धावतं. दुसरी शाखा शांतवते. तिचा मोठा भाग व्हेगस या दहाव्या मस्तिष्क चेतेतून जातो. गंमत म्हणजे व्हेगसमधले बहुतेक तंतू मेंदूचा हुकूम खाली नेणारे नसतातच. ते शरीराची हालहवाल वर पोचवतात. म्हणजे हृदय धडधडतंय ही बातमी मेंदूला जाते आणि तिचा अर्थ मेंदू लावतो. गोणी उचलली की ठोके वाढणारच. पूर्वी भाऊंचा मेंदू त्याला 'काम' म्हणायचा. त्या पहाटेनंतर तो त्याला 'मरण' म्हणायला लागला. मग अॅड्रेनालिन, त्याने आणखी धडधड, तिची आणखी बातमी. ईसीजीत हे चक्र सापडत नाही, कारण तिथे हृदयाची विद्युत नोंद निघते. मेंदूने लावलेला अर्थ तीत उतरत नाही.

दुसऱ्या भेटीत एक प्रयोग केला. त्यांच्या डॉक्टरांना विचारून, हृदय ठीक असल्याची खात्री करूनच. घरी एकट्याने करून बघू नका. आम्ही दोघांनी समोरासमोर बसून मिनिटभर धाप लागल्यासारखा भराभर श्वास घेतला. चाळीसेक सेकंदांत भाऊंचे डोळे मोठे झाले. "आल्या! मुंग्या आल्या. ओठालापण." मी माझी बोटं पुढे केली, ती थरथरत होती. "मलाही आल्यात भाऊ. मला हार्ट अटॅक आलाय का?" वहिनींनी तोंडाला पदर लावला.

भराभर श्वास घेतला की ऑक्सिजन कमी पडत नाही. उलट कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, रक्ताची आम्लता घटते आणि चेतातंतू चटकन उत्तेजित होतात. त्या मुंग्या. मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं. घाबरलेल्या माणसाला सगळे 'मोठा श्वास घे' सांगतात, तो सल्ला अशा वेळी उलटा पडतो. श्वास सोडणं लांबवायला हवं. मनगटावर बोटं ठेवून बघा, श्वास घेताना ठोके किंचित भरभर पडतात, सोडताना सावकाश. भाऊंना ते नाडीवर लगेच सापडलं. पाठीने वजन ओळखणारा माणूस तो.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. पहिल्यांदा छातीत दुखलं, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, दरदरून घाम सुटला, तर 'पॅनिक असेल' म्हणून घरी बसायचं नाही. आधी हॉस्पिटल, मग समुपदेशक. भाऊ त्याच क्रमाने आले म्हणून मला हे सगळं करता आलं. एवढं करूनही झटके थांबत नसतील तर मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते, गोळ्यांचा उपयोग होतो. रात्रीबेरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६.

पुढच्या भेटींत आम्ही टाळलेल्या गोष्टी एकेक करून परत घेतल्या. आधी स्टेशनचा जिना. धडधड आली तर थांबायचं नाही, पळायचंही नाही, ती शिगेला जाऊन उतरेपर्यंत चालत राहायचं. साधारण दहाएक मिनिटांत ती शिगेला पोचते आणि मग ओसरू लागते. हे कानाने ऐकून मेंदूला पटत नाही, जिना चढूनच पटतं. मग हलक्या पिशव्या, मग गोणी. मेलेल्या मित्राबद्दल ते चौथ्या भेटीत बोलले. त्याचे पाय आपण धरले होते, हे सांगताना रडले. मला वाटतं त्या दिवशीचं रडणं माझ्या सगळ्या व्हेगसपुराणापेक्षा कामाला आलं.

गेल्या महिन्यात पहाटे पावणेपाचला त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मागे हमालांचा गलका. "आली व्हती मॅडम. गोणी थप्पीला लावली, मगच बसलो."

तंबाखू मात्र सुटलेली नाही. निकोटीनने ठोके वाढतात हे त्यांना दोनदा समजावलं. दोन्ही वेळा मान डोलावली, आणि जिन्यात उभं राहून मळायला घेतली.