ध्वनीच्या धड्यापाशी अडलेल्या मुलीला

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

कर्णबधिर मुलांसाठी विज्ञानाचं चित्रमय पुस्तक करायचं तू मनावर घेतलंस, पाणी, प्रकाश आणि उष्णता हे धडे हातावेगळे केलेस आणि ध्वनीच्या धड्यापाशी तुझं घोडं अडलं. नोकरीवरून आल्यावर टेबलाशी बसणं जिवावर येतं. बसलीस तरी जुन्या चित्रांचे रंग बदलण्यात आणि फोन चाळण्यात संध्याकाळ निघून जाते. हे सगळं लिहून झाल्यावर शेवटी तू विचारलं आहेस, ‘माझी इच्छाच कमी पडतेय का?’

नाही, इच्छा कमी पडत नाहीये. ज्याची इच्छा संपते त्याला त्या कामाची आठवणही नकोशी होते. तो त्याबद्दल चार पानी पत्र लिहीत बसत नाही. पण रोज संध्याकाळी त्या इच्छेने तुला हाताला धरून टेबलापर्यंत न्यावं, अशी तुझी अपेक्षा आहे, आणि ते तिच्या आवाक्यातलं नाही. कुठल्या कामाला आपली वर्षं द्यायची हे ती सांगते. दमूनभागून घरी आल्यावर पहिली पाच मिनिटं काय करायचं, हे आपल्यालाच आधी ठरवून ठेवावं लागतं.

माझी हयात पुस्तकांच्या संपादनात गेली. हाताखालून गेलेल्या लेखकांत हुशार पुष्कळ होते, आरंभशूर तर त्याहून जास्त. पुस्तक पूर्ण करून देणारे मात्र एकमेकांसारखे अजिबात नव्हते. कुणी पहाटे लिहायचे, कुणी रात्री, कुणी झपाट्याने, कुणी अगदी रडतकढत. सगळ्यांत मिळून एकच गोष्ट सारखी दिसली: आज मन लागेल की नाही, याची ते चौकशीच करत नसत. वेळ झाली की बसायचे. हुरूप आलाच तर अर्ध्या तासाने यायचा, काम थोडं पुढे सरकलेलं दिसल्यावर. तू तो बसायच्या आधी मागते आहेस, म्हणून रोज रिकाम्या हाताने उठते आहेस.

तू पाठवलेला तुझ्या वहीचा फोटो मी नीट पाहिला. पहिल्या तिन्ही धड्यांखाली बारीक बारीक नोंदी आहेत: ‘बर्फ वितळतानाची तीन चित्रं’, ‘सावली, सकाळ आणि दुपार’. ध्वनीखाली एकच ओळ आहे, ‘ध्वनीचा धडा पूर्ण करणे’. अगं, दमलेल्या माणसाने संध्याकाळी ही ओळ वाचली तर तो रंगच बदलत बसणार, कारण रंग कसे बदलायचे हे त्याच्या हाताला ठाऊक असतं. धडा पूर्ण करायचा म्हणजे नेमकं काय उचलायचं, कुठून धरायचं, हे त्या ओळीत कुठेच नाही. चालढकलीला आपण फार लवकर आळस म्हणतो आणि स्वतःला दोष देत बसतो. मी पाहिलेल्या बहुतेक चालढकलीच्या मुळाशी हेच होतं, पुढची पायरी डोळ्यांना दिसत नव्हती.

ती न दिसायला या धड्यात सबळ कारणही आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना ध्वनी समजवायचा कसा, हा प्रश्न खरोखर अवघड आहे आणि तू त्यापाशी थबकलीस यात तुझा प्रामाणिकपणाच दिसतो. म्हणून त्याचे तुकडे कर. ध्वनी म्हणजे कंपन, आणि कंपन हाताला कळतं. फुगवलेला फुगा दोन्ही तळव्यांत धरून स्पीकरजवळ नेला की त्याची थरथर तळहातांत उतरते. हे एक चित्र. भांड्याच्या तोंडावर ताणून बसवलेल्या प्लास्टिकवर मिठाचे दाणे भुरभुरले आणि जवळ मोठा आवाज केला की दाणे उड्या मारू लागतात. हे दुसरं. एव्हलिन ग्लेनी ही स्कॉटिश तालवादक बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिरी झाली होती. कंपनं पायांतून कळावीत म्हणून ती अनवाणी वाजवते. हे तिसरं. आज संध्याकाळच्या यादीत ‘फुग्याचं कच्चं रेखाटन, पेन्सिलीने’ एवढंच असू दे. बाकी काही नको.

चौथं चित्र मला स्वतःला फार आवडतं. अर्न्स्ट क्लाडनी या जर्मन शास्त्रज्ञाने १७८७ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. धातूच्या पातळ पत्र्यावर बारीक वाळू पसरायची आणि पत्र्याच्या कडेवरून व्हायोलिनचा गज ओढायचा. पत्रा जिथे थरथरतो तिथली वाळू उडते आणि जिथे तो स्थिर असतो त्या रेषांवर जाऊन बसते. बघता बघता नक्षी तयार होते. स्वर बदलला की नक्षी बदलते. ऐकू न येणाऱ्या मुलाला स्वर डोळ्यांनी दाखवायची याहून सुंदर रीत मला माहीत नाही.

या नक्षीमागची पुढची गोष्ट पुस्तकात घाल किंवा घालू नकोस, पण स्वतःसाठी जरूर वाच. क्लाडनीने हे प्रयोग पॅरिसमध्ये नेपोलियनसमोरही करून दाखवले, आणि १८०९ मध्ये तिथल्या विद्वानांच्या संस्थेने या नक्ष्यांचं गणित मांडणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. सोफी जर्मेन या फ्रेंच गणितज्ञ स्त्रीने हा प्रश्न हातात घेतला. त्या काळी तिथल्या नामांकित तंत्रशाळेत मुलींना प्रवेश नव्हता. ती तिथल्या व्याख्यानांची टिपणं मिळवून शिकली होती, आणि मोठ्या गणितज्ञांना पत्रं लिहायची ती पुरुषाच्या नावाने. १८११ ची मुदत आली तेव्हा परीक्षकांकडे एकच प्रबंध होता, तिचा. त्यात चुका निघाल्या, बक्षीस मिळालं नाही. पण परीक्षकांपैकी लाग्रांज यांनी तिच्याच गृहीतकावरून बरोबर समीकरण काढून दाखवलं. तिने पुन्हा काम केलं. १८१३ मध्ये सन्माननीय उल्लेखावर समाधान मानावं लागलं. तिसऱ्या खेपेला, १८१६ च्या जानेवारीत, बक्षीस मिळालं; तेव्हाही परीक्षकांचं पूर्ण समाधान झालेलं नव्हतंच.

लोक ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. जिद्द होतीच. पण मला त्यात दुसरंही काही दिसतं. तिने तिन्ही वेळा आपलं अपुरं, सदोष काम दुसऱ्यांच्या हाती दिलं. निदान पहिल्या खेपेला तरी ते नुसतं ‘नापास’ असा शेरा घेऊन परत आलं नाही. समीकरण कुठे चुकलं आणि बरोबर काय, हे तिला कळलं. त्यामुळे पुढच्या खेपेला सुरुवात कुठून करायची हा प्रश्नच उरला नाही. पेटीत कुलूपबंद ठेवलेल्या कामाला हे भाग्य लाभत नाही. ‘पूर्ण होईपर्यंत कुणाला दाखवायचं नाही’ असं तू ठरवलं आहेस ना, तो निर्णय बदल. त्याबद्दल शेवटी आणखी लिहितो.

आधी वेळेचं. ‘वेळ मिळेल तेव्हा करीन’ हे वाक्य वहीतून खोडून टाक. पीटर गोल्विट्झर आणि वेरोनिका ब्रान्डश्टेटर या मानसशास्त्रज्ञांचा १९९७ सालचा एक साधा प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना सुट्टीच्या दिवसांत एक छोटा वृत्तान्त ४८ तासांच्या आत लिहून पाठवायचा होता. त्यांतल्या निम्म्यांना आधीच ठरवायला सांगितलं की तो केव्हा आणि कुठे बसून लिहिणार. अशा विद्यार्थ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी तो वेळेत लिहिला. बाकीच्यांत हे प्रमाण जेमतेम एक तृतीयांश होतं. फरक फक्त ‘केव्हा आणि कुठे’ एवढाच. तेव्हा तूही ठरव: नोकरीवरून येऊन हातपाय धुतले की खिडकीजवळच्या टेबलाशी पंचवीस मिनिटं. फोन दुसऱ्या खोलीत. आणि आदल्या दिवशी उठण्याआधी चित्रवही उद्याच्या पानावर उघडून ठेवायची, शेजारी टोक केलेली पेन्सिल. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण ती टाळू नकोस. दमलेलं डोकं निर्णय घ्यायला कंटाळतं. समोर उघडं पान असलं की निर्णय घ्यायचाच उरत नाही.

पंचवीस मिनिटं थोडी आहेत, असं तुझं म्हणणं येईल. येऊ दे. आज तुझा आकडा शून्य आहे.

पुस्तक सहा महिन्यांत होईल असा अंदाज तू बांधला होतास, तो चुकला म्हणून तू खचली आहेस. अंदाज चुकणं इतकं सार्वत्रिक आहे की त्यात तुझं वेगळेपण काहीच नाही. १९९४ सालच्या एका अभ्यासात पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५. म्हणजे वाईटात वाईट धरूनही अंदाज कमीच पडला! यातून मी एवढंच घेतो की लांबच्या तारखेने स्वतःला मोजू नये. या आठवड्यात किती चित्रं झाली ते मोज. मागचा धडा करायला खरोखर किती आठवडे लागले ते वहीत बघ आणि पुढच्या धड्याला तितकेच धर. तो आकडा आवडणार नाही, पण तो खरा असेल.

मध्ये एखादा दिवस चुकेल. पाहुणे येतील, डोकं दुखेल, ऑफिसात उशीर होईल. त्या रात्री ‘झालं, पुन्हा खंड पडला’ म्हणून सगळंच सोडून देऊ नकोस. फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांच्या नव्या सवयींचा पाठपुरावा केला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं, पण माणसामाणसात फरक प्रचंड, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. आणि एखाद्या दिवसाच्या खाड्याने सवय लागण्यात म्हणावा असा अडथळा आला नाही. तेव्हा मैत्रिणीला तीन आठवड्यांत जमलं आणि मला जमत नाही, ही तुलना सोडून दे. खाडा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पंचवीस नको, दहा मिनिटं बस, पण बस.

विश्रांतीबद्दल वाद घालायला मी तयार नाही. आठवड्यातला एक दिवस वही बंद. झोप कापून चित्रं काढायची नाहीत. झोपेशिवाय काढलेली तुझी चित्रं मी ओळखू शकतो. उष्णतेच्या धड्यातली शेवटची दोन पानं पुन्हा बघ.

आता ते दाखवण्याचं. तू गेले कित्येक महिने या मुलांपैकी एकालाही भेटलेली नाहीस. मला तुझ्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट ही वाटली, आणि तू ती एका ओळीत उरकली आहेस. ॲडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कंटाळवाणं काम, बहुतेक वेळा नकारच ऐकायचा. त्यांच्यापैकी काहींची गाठ त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी घालून दिली. पाच मिनिटांच्या गप्पा, बस. महिन्याभरानंतर पाहिलं तर हे लोक पूर्वीच्या दुपटीहून अधिक वेळ फोनवर काम करत होते आणि गोळा होणारी रक्कमही दुपटीहून वाढली होती. कुणी भाषण दिलं नव्हतं, पगार वाढवला नव्हता. आपण कुणासाठी करतो आहोत, तो माणूस त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

तू सुरुवात केलीस तेव्हा ती मुलं रोज तुझ्या नजरेसमोर होती. प्रकाशाचा धडा शिकवताना एका मुलाने सावली पकडायला हात पुढे केला, हे तूच मला लिहिलं होतंस, आणि त्या आठवड्यात तुझी पाच चित्रं झाली होती. आता तुझ्यासमोर फक्त कागद आहे. अशा वेळी कुणाचाही धीर सुटेल.

तर येत्या पंधरा दिवसांत फुग्याचं आणि मिठाच्या दाण्यांचं अशी दोन कच्ची रेखाटनं घेऊन त्यांच्या वर्गात जा. रंग भरू नकोस; रंगवलेल्या चित्राला मुलं नावं ठेवत नाहीत, कच्च्याला बिनधास्त ठेवतात. खराखुरा फुगाही सोबत ने. तो त्यांच्या हातात दे आणि चित्र शेजारी ठेव. खुणांची भाषा बोलणाऱ्या त्यांच्या बाईंना म्हणावं, मुलांनी काय विचारलं ते जसंच्या तसं सांगा, सांभाळून घेऊ नका. चित्रातला कुठला भाग कुणालाच कळला नाही, त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल कर आणि तो कागद मला पाठव.

तुझा,
काका