ऑपरेशननंतर भूक परत आली, म्हणजे सगळं वाया गेलं का?

वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेली माणसं वर्ष-सव्वा वर्षाने माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा एक तक्रार ठरलेली असते: भूक परत आली. सांगताना आवाज असा, जणू चोरी पकडली गेलीय.

अशाच एक शिक्षिका. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून ते लहान करण्याचं ऑपरेशन झालं तेव्हा वजन ११२ किलो, चौदा महिन्यांनी ७९. पहिले सहा महिने जेवायची आठवण घड्याळ बघून करावी लागायची. आता मात्र मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये कुणी डबा उघडला की पोटात कावळे ओरडतात. नवरा म्हणाला, "पोट पुन्हा ताणलं असणार." सासूबाई म्हणाल्या, "तोंडावर ताबा नको का?" दोन्ही वाक्यं बाईंनी खरी मानली होती.

मी कागदावर जठर काढलं. त्याच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन नावाचं संप्रेरक सगळ्यात जास्त तयार होतं. जेवणाआधी ते वाढतं, जेवल्यावर उतरतं. मेंदूला 'खायला दे' म्हणून सांगणारं तेच. १९९९ साली जपानी संशोधकांनी ते शोधलं. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग काढतात आणि त्यात हा फुगीर भागही जातो. शिवाय अन्न जठरातून आतड्यात लवकर उतरतं, त्यामुळे जीएलपी-१ आणि पीवायवाय ही पोट भरल्याची खबर देणारी संप्रेरकं जेवणानंतर पूर्वीपेक्षा जास्त सुटतात. वजन कमी करण्याची हल्लीची इंजेक्शनं या जीएलपी-१चीच नक्कल करतात.

"म्हणजे तेव्हा भूक नव्हती, ते माझं कौतुक नव्हतंच?" त्यांनी विचारलं. नव्हतं. आणि मग आताची भूक हाही तुमचा गुन्हा नाही.

हे त्यांना पटायला वेळ लागला, कारण ऑपरेशनआधीची वीस वर्षं त्यांनी डाएट करून वजन घटवलं होतं आणि दर वेळी ते दामदुपटीने परत आलं होतं. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मी अशा वेळी सांगते. दहा आठवडे अगदी कमी खाऊन वजन उतरवलेल्या लोकांचं घ्रेलिन वर्षभरानंतरही चढलेलंच होतं, आणि चरबीतून येणारं, मेंदूला 'साठा पुरेसा आहे' सांगणारं लेप्टिन खाली होतं. शरीर गेलेलं वजन परत मागत राहतं. ऑपरेशन या मागणीचा जोर बराच कमी करतं, पण ती बंद करत नाही. चरबी घटली की लेप्टिन ऑपरेशननंतरही उतरतंच. त्यामुळे वर्ष-दोन वर्षांत थोडी भूक जाणवू लागणं अपेक्षित आहे. हे ऑपरेशनआधीच घरच्यांना समोर बसवून सांगायला हवं; बहुतेक ठिकाणी तेव्हा सगळा वेळ खर्चाच्या हिशेबात जातो.

मग आम्ही भुकेची वही सुरू केली: वेळ, काय खाल्लं, त्याआधी काय झालं. पहिल्याच आठवड्यात दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या. मधल्या सुट्टीची भूक खरी होती. सकाळी चहा आणि चार मारी बिस्किटं, त्यावर साडेअकरापर्यंत काही नाही. मऊ, गोड पदार्थ लहान झालेल्या पोटातून भराभर पुढे सरकतात. आहारतज्ज्ञांनी बिस्किटांच्या जागी पनीर आणि मुगाचं धिरडं आणलं, आणि सुट्टीतली कासाविशी बरीच ओसरली. याच वहीमुळे बी-१२ आणि लोहाच्या गोळ्या त्यांनी स्वतःहून थांबवल्याचंही कळलं. त्या लगेच सर्जनना दाखवून पुन्हा सुरू झाल्या.

रात्री दहाची भूक मात्र वेगळी. पेपर तपासत बसल्या की डब्यातला चिवडा. जेवून दोन तास झालेले, पोटात खळगा नाही. वहीत त्या वेळेआधी जवळजवळ रोज सासूबाईंचं काहीतरी वाक्य लिहिलेलं. इथे घ्रेलिनला दोष देण्यात अर्थ नव्हता. नवऱ्याला सोबत बोलावलं. जठराचा तोच कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि ताटाकडे बघून घरात कुणी काही बोलायचं नाही, एवढंच ठरवलं. नवऱ्याने आईला ते कसं सांगितलं कोण जाणे, पण चिवड्याच्या नोंदी आठवड्याला एक-दोनवर आल्या.

वजन महिन्यामागून महिना चढत असेल, काही खाल्लं तरी पोट भरत नसेल किंवा उलट्या होत असतील, तर समुपदेशकाकडे नव्हे, आधी सर्जनकडे जावं. गरज पडली तर औषधंही असतात, आणि ती घेणं म्हणजे हरणं असं मी मानत नाही.

बाईंचं वजन सध्या ८० च्या आसपास आहे. परवा फोन आला तो गणपतीसाठी: मोदक चालेल का? जेवणानंतर, एक, सावकाश, असं सांगितलं. रिकाम्या पोटी गोड भराभर खाल्लं तर घाम आणि धडधड होऊ शकते. "दीड खाल्ला तर?" त्या म्हणाल्या. म्हटलं, खा, आणि वहीत लिहा.