बाईंसाठी एफडी मोडू का?

प्रश्न : अक्कलकोट रोडला माझं शाळेचे गणवेश शिवायचं छोटं युनिट आहे, आठ मशीन. आम्हाला दहावीला गणित शिकवणाऱ्या बाईंना स्तनाचा कर्करोग असल्याचं गेल्या महिन्यात कळलं. बाई अनुदानित शाळेत अजून नोकरीत आहेत, निवृत्तीला तीन वर्षं आहेत. यजमान नाहीत, मुलगा शिकतोय, घराचे हप्ते चालू आहेत. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन धरून रुग्णालयाने सात लाखांचा अंदाज दिलाय. आमची १९९९ ची बॅच चार लाख जमवणार आहे, पैसे माझ्या दुकानाच्या क्यूआर कोडवर घ्यायचं ठरलंय. उरलेले तीन लाख मी माझी चार लाखांची एफडी मोडून देणार आहे. दुसरी शिल्लक नाही. घरखर्च ३८ हजार, मशीनच्या कर्जाचा हप्ता साडेअकरा हजार, मुलगी यंदा अकरावीला. बायको म्हणते, पन्नास हजार द्या आणि गप्प बसा. तुम्ही काय म्हणता? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : एफडी मोडू नका. वहिनींचं म्हणणं बरोबर आहे. आकडा मात्र मी वेगळा सांगणार आहे.

आधी तुमची एफडी बघू. गणवेशाचा धंदा म्हणजे एका हंगामाचं पीक. एप्रिल ते जून हाताला उसंत नसते, मग पुढचे महिने शाळांकडे आणि दुकानदारांकडे बिलासाठी चकरा. हंगामाआधी कापडात पैसा अडकतो तो वेगळाच. तुमचा घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला साडेएकोणपन्नास हजार जातात. चार लाखांत आठ महिने निघतात, एका लाखात दोन. दिवाळीनंतर एखाद्या शाळेने बिल लटकवलं की तुम्हीच हातउसने मागत फिराल, आणि तेही बहुधा याच बॅचकडे.

आता एक अवघड प्रश्न. बाईंचा पगार किती, हे कुणी विचारलंय का? तुमच्या पत्रात सगळे आकडे आहेत, तेवढाच नाही. आपल्या डोळ्यांसमोर बाई म्हणजे खडू लागलेला हात आणि तीच ती निळी साडी. पण अनुदानित शाळेत तीस वर्षं नोकरी झालेल्या शिक्षिकेचा पगार आज लाखाच्या घरात असतो, आणि कदाचित तुमच्या चांगल्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त. मदत करू नका असं मी म्हणत नाही. पण नेमकं काय कमी पडतंय ते कळल्याशिवाय पैसे ओतण्यात अर्थ नाही.

माझा अंदाज असा, की बाईंना पैसे कमी पडत नाहीयेत, वेळेवर मिळत नाहीयेत. अनुदानित शाळेतल्या शिक्षकांना वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळते. बिलं, डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांची प्रमाणपत्रं जोडून मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकारी कार्यालयात प्रस्ताव जातो, जिल्हा शल्यचिकित्सकांकडून पडताळणी होते, ठरलेल्या दरांत न बसणारी रक्कम कापली जाते, आणि मग मंजुरी. यात महिने जातात. एखादं प्रमाणपत्र राहिलं की फाइल परत खाली. शिवाय बाई १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्या आहेत, म्हणजे त्यांचा भविष्य निर्वाह निधी असणार. आजारपणासाठी त्यातून रक्कम काढता येते, पण त्यालाही अर्ज, सही, वाट पाहणं आलंच. दरम्यान केमोचं काउंटर काही थांबत नाही. तिथे दर तीन आठवड्यांनी रोख लागते.

म्हणून तुमच्या बॅचने देणगी गोळा करण्याऐवजी फिरता निधी उभा करावा, असं मी सुचवेन. बिल आलं की निधीतून बिनव्याजी उसने द्यायचे, प्रतिपूर्ती किंवा भविष्य निर्वाह निधीची रक्कम हातात आली की बाई परत करतील, तेच पुढच्या बिलाला. सात लाख एकदम लागतच नाहीत. उपचार वर्षभर चालतात. अडीच-तीन लाख नीट फिरले तर पुरावेत.

उसने म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे, ते बहुतेकांना ठाऊक नसतं. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळून ५० हजारांपेक्षा जास्त भेट मिळाली, तर वरचीच नव्हे, सगळी रक्कम घेणाऱ्याचं करपात्र उत्पन्न धरली जाते. आजारपण आहे म्हणून सूट नाही. समजा बाईंचा पगार महिना १ लाख १५ हजार आहे. त्यात तुमचे सात लाख मिळाले, तर २०२५-२६ च्या नव्या कररचनेत त्यांचा कर उपकरासकट साधारण १ लाख ३० हजारांनी वाढेल. म्हणजे तुमच्या तीन लाखांतले पंचावन्न हजार प्राप्तिकर खात्यात. वहिनी जेवढे द्या म्हणतात त्याहूनही जास्त! उसने दिलेले पैसे भेट नसतात, त्यांवर हा कर नाही. मात्र ते खरोखर उसने असायला हवेत. साध्या कागदावर दोन ओळींचं लेखी, आणि व्यवहार बँकेतूनच. २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घेणं-देणं कायद्यात बसत नाही. शाळेचा माजी विद्यार्थी संघ धर्मादाय आयुक्तांकडे आणि प्राप्तिकर खात्याकडेही नोंदलेला असेल तर देणगी त्याच्यामार्फत द्या, तिथे बाईंवर हा कर येत नाही. संघ नुसता नावाला असेल तर उपयोग नाही.

आणि तो क्यूआर कोड. कृपा करून नको. दुकानाच्या खात्यात चार लाख आले की ती विक्री की वर्गणी, हे जीएसटीवाल्याला समजावत बसाल. वर्षअखेरीला तुमचाच हिशेबनीस डोक्याला हात लावेल. दोघा-तिघांच्या नावाने वेगळं बचत खातं काढा, दोन सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत असं. त्यातली एक सही बॅचमधल्या सर्वांत किटकिट्या माणसाची असू दे. बरीच वर्षं झाली, आमच्या गल्लीत एका यंत्रमाग कामगाराच्या बायपाससाठी आम्ही वर्गणी काढली होती. हिशेब वहीत, वही एकाच्या खिशात. पैसे योग्य ठिकाणीच गेले असं मला आजही वाटतं, पण वही नंतर सापडली नाही. त्यातले दोघे आजही एकमेकांशी बोलत नाहीत.

आपापसांत जमवता तोवर ठीक आहे. डबा घेऊन नव्या पेठेत फिरायचा विचार असेल, तर गणपती मंडळं वर्गणीआधी धर्मादाय आयुक्तांची जी परवानगी घेतात, ती लागेल.

आता तुमचा वाटा. एफडीवर एक लाखाचं कर्ज काढा. बँका साधारण एफडीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त लावतात. आठ टक्के धरले तर सहा महिन्यांचं व्याज चार हजार. ते लाख निधीत घाला आणि परत येतील तसे फेडा. समजा आलेच नाहीत, तरी एका लाखाने तुमचं घर मोडणार नाही, तीन लाखांनी मोडू शकतं. यापेक्षा जास्त घालायचं मनात आलं तर आधी वहिनींशी बोला, माझ्याशी नंतर.

सात लाखांच्या अंदाजाबद्दलही थोडं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे, आणि २०२३ च्या निर्णयानुसार ती उत्पन्नाची अट न घालता सगळ्यांसाठी आहे. अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र हा योजनेचा मदतनीस बसतो, त्याला किंवा १५५३८८ वर विचारा की बाईंचे कोणते उपचार त्यात बसतात. एकाच बिलाचे पैसे योजनेतून आणि प्रतिपूर्तीतून असे दोनदा मागता येत नाहीत, म्हणून कुठला टप्पा कशातून, हे आधीच ठरवावं लागेल. रेडिएशनला आठवड्यातले पाच दिवस, कित्येक आठवडे जावं लागतं. ते बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात झालं तर मुंबईत खोली घेऊन राहण्याचा खर्च वाचेल, अर्थात बाईंच्या डॉक्टरांचं मत आधी. मुंबईलाच जावं लागलं तर उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सवलत आहे, सोबतच्याला ७५ टक्के.

बाई विनाअनुदानित शाळेत आठ-दहा हजारांच्या मानधनावर असत्या, तर मी अगदी उलटं लिहिलं असतं. तेव्हा प्रतिपूर्ती नाही, रजेचा पगार नाही. मुख्यमंत्री सहायता निधी (वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांपर्यंत) आणि धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटा, हेच आधार. तिथे देणगीच द्यावी लागते, परतीचा विषय काढायचा नसतो.

अजून एक राहिलं. बाईंना यातलं काही माहीत आहे का? तुम्ही पत्रासोबत ग्रुपवर फिरणारा मजकूर पाठवलाय, त्यात त्यांच्या तपासणी अहवालाचा फोटो आहे, खाली आधार क्रमांकसुद्धा. तो आज काढा. ज्या बाईंनी तुमचं एकही उदाहरण पायऱ्यांशिवाय बरोबर दिलं नसेल, त्यांना न विचारता हे होऊ नये. भेटायला जाताना दोघंच जा. देणगी म्हटलं की त्या नाही म्हणतील. उसने म्हटलं तर कदाचित हिशेबाची वही स्वतःच मागतील.

सोमवारी बँकेत जाऊ नका, शाळेत जा. कार्यालयातल्या लिपिकांकडून प्रतिपूर्तीच्या प्रस्तावाला लागणाऱ्या कागदांची यादी लिहून घ्या, आणि बाईंच्या किती दिवसांच्या रजा शिल्लक आहेत तेही विचारा. बॅचमधला कुणी झेडपीत किंवा शिक्षण खात्यात असेल, तर त्याच्याकडून वर्गणी घेऊ नका, ती फाइल त्याच्या हातात द्या.